शून्य धरलेला हात

३ मार्च, सोमवार

छप्पन्नाव्या वर्षी मला गृहपाठ मिळाला आहे. आईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दर तासाला आईचा उजवा हात किती थरथरतो ते लिहून आणा, त्याशिवाय गोळ्यांचं गणित बसणार नाही. आईला कंपवात होऊन सहा वर्षं झाली. दिवसाला चार गोळ्या. गोळी लागू पडली की दोन-तीन तास हात शांत, तिचा जोर उतरला की पुन्हा चमचा बशीवर टकटक. पण हल्ली तिला खिडकीजवळच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं दिसतं. काल तिने त्या रिकाम्या खुर्चीला चहा विचारला. बाई म्हणाल्या, हा गोळ्यांचाच परिणाम. गोळी कमी केली तर भास थांबतील पण हात जाईल, वाढवली तर उलट. नेमकं कुठे थांबायचं, त्यासाठी नोंद हवी.

आईने एकच अट घातली. "खुर्चीत कुणी का बसेना. मला माझ्या हाताने जेवता आलं पाहिजे."

पोस्टात तीस वर्षं शिक्के मारलेला हात आहे तो. माझ्या घड्याळांच्या दुकानातली दुरुस्तीची कोरी वही घरी आणली. डाव्या पानावर आईचा हात, उजव्या पानावर माझी बडबड.

५ मार्च, बुधवार

दिवसभर मी दुकानात, घरी ही. संध्याकाळी हिला विचारलं, अकरा वाजता किती थरथर होती, तर म्हणते, होती थोडी. थोडी म्हणजे किती? गिऱ्हाईक सांगतं ना, घड्याळ थोडं मागे पडतं, तेव्हाही माझं डोकं असंच फिरतं. मिनिटं सांगा. ही म्हणाली, मी तुमच्या आईला सांभाळते, तिची मापं घेत बसत नाही. बरोबरच आहे तिचं. तसं तिला म्हटलं नाही.

दुकानात एक जुनं मनगटी घड्याळ बिघडवून ठेवलं. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यातून निसटली आणि वाकली. चिमटा जुना झालाय, टोकं जुळत नाहीत. नवा आणला पाहिजे.

८ मार्च, शनिवार

मिळालं.

शेजारच्या मोबाइलवाल्याकडे बिघडलेल्या स्मार्ट घड्याळांचं खोकं आहे. गेली दहा वर्षं मी त्या खोक्याला नावं ठेवत आलो. काटा नाही, चावी नाही, टिकटिक नाही, आणि म्हणे घड्याळ. आज मीच जाऊन विचारलं, यातलं एखादं हाताची थरथर मोजून सांगेल का? तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, मोजतात सगळी, पण तुम्हाला सांगत नाहीत. पावलं किती झाली, झोप किती झाली आणि वर एक शाबासकी, बस. खरे आकडे आत कुलपात. बहुतेकांची पाठसुद्धा चिकटवलेली, उघडायला जावं तर काच तडकते. सकाळभरात सहा बघितली, सहाही मुकी.

सातव्याच्या पाठीला चार स्क्रू. स्क्रू बघून जीव भांड्यात पडला. मोबाइलवाला म्हणाला, हे हौशी लोकांसाठी काढलेलं आहे, बनवणाऱ्यांनी आतला सगळा प्रोग्रॅम उघडा ठेवलाय, ज्याला जे हवं ते त्यात भरावं. बॅटरी फुगली म्हणून कुणीतरी टाकून दिलं होतं. बॅटरी बदलली आणि पडदा उजळला. बंद पडलेलं घड्याळ चालू झालं की अजूनही मला पंचविसाव्या वर्षी व्हायचा तेवढाच आनंद होतो.

पाठ लावताना एक स्क्रू घरंगळला, तो शोधण्यात अर्धा तास गेला. हल्लीचे स्क्रू फार गुळगुळीत करतात.

९ मार्च, रविवार

प्रोग्रॅम भरायचा म्हणजे मेव्हणा आलाच. हिचा धाकटा भाऊ. लिफ्टच्या कंपनीत बावीस वर्षं लिफ्टना कुठल्या मजल्यावर थांबायचं ते शिकवत होता, गेल्या वर्षी कंपनीने त्यालाच खाली उतरवलं. तेव्हापासून घरी बसून मिक्सरला अक्कल शिकवतो. घड्याळ हातात घेतलं आणि त्याचा चेहराच बदलला. वायर लावली, कॉम्प्युटरवर दोन तास खुडबुड केली आणि पडद्यावर माझं आडनाव आणून दाखवलं. मग आम्ही कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. वाटेत म्हणाला, भावोजी, उजवा हात असा शरीराला चिकटवून का चालता, परेडला निघालात का? चेष्टेखोर आहेच तो.

परत येऊन मी पुन्हा घड्याळात डोकं घातलं आणि गॅसवर दूध करपलं. ही बाजारातून आली ती ओरडतच. पातेलं काळंठिक्कर, घरभर धूर. मला खरंच वास आला नव्हता. सर्दी झाली असेल.

१६ मार्च, रविवार

आज मेव्हण्याशी थोडं वाजलं. घड्याळातला हालचाल ओळखणारा तुकडा फार हळवा आहे. रस्त्यावरून ट्रक गेला तरी आकडा हलतो. म्हणून त्याला आधी शून्य शिकवायचं असतं. एवढी हालचाल सोडून द्यायची, तिच्या वरची तेवढी मोजायची. मेव्हणा म्हणाला, घड्याळ दहा मिनिटं टेबलावर ठेवू, तेच शून्य. मी म्हटलं, टेबल म्हणजे मेलेलं लाकूड. जिवंत हात श्वासाने हलतो, नाडीने हलतो. आमच्या धंद्यात घड्याळ दुसऱ्या बरोबर चालणाऱ्या घड्याळाशी लावतात, दगडाशी नाही. शून्य घ्यायचं तर स्थिर हातावर घ्यायचं, आणि या घरात स्थिर हात कुणाचा, हे सांगायला नको. चौतीस वर्षं या हाताने केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या आहेत.

मेव्हणा माझ्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने हिच्याकडे बघितलं. "भावोजी, टेबलावरच घेऊ या की."

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, त्यांच्या मनासारखं होऊ दे. मी उजव्या मनगटाला घड्याळ बांधून, हात मांडीवर ठेवून दहा मिनिटं बसलो. शून्य लागलं. मेव्हणा चहा न घेताच गेला, नाकाला मिरच्या झोंबल्या असणार.

१७ मार्च, सोमवार

आईच्या हाताला घड्याळ बांधलं. म्हणाली, मला बेडी घातलीस का रे? मी म्हटलं, पहारेकरी ठेवलाय. सकाळी गोळीआधी आकडा चौदा. गोळीनंतर एका तासाने शून्य. चक्क शून्य. कुणाला विचारायला नको, कुणाच्या "थोडी"वर अवलंबून राहायला नको. मेव्हण्याने आकडे माझ्या फोनवर आणून दिलेत, दुकानात बसून आईचा हात दिसतो. आज कितीतरी दिवसांनी मन लावून काम केलं. म्हणजे कामं दोनच केली, तीही पट्टे बदलण्याची, पण मन लावून केली.

१९ मार्च, बुधवार

हिने वही चाळली. आईच्या आकड्यांबद्दल अवाक्षर नाही, विचारते काय तर तुमचं अक्षर इतकं बारीक कधीपासून झालं? पहिली पानं बघा आणि ही बघा, ओळीच्या शेवटी तर मुंग्या चालल्यात. म्हटलं, कागद वाचवतोय. तिने वही मिटून ठेवली. पेनच बदलतो.

२२ मार्च, शनिवार

घोडं एका जागी पेंड खातंय. आई आंघोळीला गेली तेव्हा घड्याळ टेबलावर काढून ठेवलं होतं, तर आकडा उणे सतरा. हात नसलेलं टेबल शून्याच्या खाली सतरा? मेव्हण्याला फोन केला. त्याने आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाला, भावोजी, टेबल तर हलत नाही, मग शून्य कुठे चुकलं असेल, बघा ना जरा विचार करून. मी म्हटलं, विचार कसला, तुझ्या प्रोग्रॅममध्ये किडा आहे. आईला उणे आकडे दिसले तर उगीच घाबरेल, उणे असेल तिथे सरळ शून्यच दाखव. त्याने उसासा टाकला आणि घरी बसून तसं करून दिलं. काम चोख करतो, एवढं मान्य केलं पाहिजे.

आई हल्ली चहा माझ्या हातून घेत नाही. मी कप नेला की म्हणते, ठेव तिथे, सूनबाई देईल. कालचा बशीत सांडला होता, त्याचा राग असेल.

२४ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंना आठवड्याचा आलेख छापून नेला. फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरून बसलो होतो, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा. बाईंनी आलेखावर बोट फिरवलं, आईला मूठ उघड-मीट करायला लावली. सकाळची गोळी नुकतीच लागू झाली होती, आईने छान केली. मग भासांबद्दल विचारलं. आई म्हणाली, खुर्चीतला माणूस अजून येतो, पण आता जिवंत माणसांचंही भलतंच दिसायला लागलंय. "याचाच हात मला हलताना दिसतो. माझ्यासारखा."

आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मला हसू आलं, पण लगेच विरलं. आपल्याच मुलाच्या हातात आईला स्वतःचा आजार दिसावा. बाईंनी भास वाढल्याची नोंद केली. बाहेर दाराशी रांग लागली होती. म्हणाल्या, हात दिवसभर इतका ताब्यात असेल तर गोळी जास्तच होतेय. दुपारची अर्धी करू, संध्याकाळची बंद. मी टिपून घेतलं. घड्याळ नसतं तर हे कळलंच नसतं.

२८ मार्च, शुक्रवार

खुर्चीतला माणूस दोन दिवस आलेला नाही. आईला विचारलं तर म्हणाली, गेला असेल, त्यालाही कंटाळा आला असेल. पण ती स्वतःही फारशी बोलत नाही. अंग धरल्यासारखं झालंय म्हणते. पलंगावरून उठताना आज हिला तिचे दोन्ही हात ओढावे लागले. आकडा बघितला, एक. कधी दोन. म्हणजे हात ठीक आहे.

३१ मार्च, सोमवार

दुपारी दुकान बंद करून घरी आलो तर आई ताटापुढे बसून होती. चमचा तोंडापर्यंत जाईना. अर्धी भाजी मांडीवर. हिने भरवते म्हटलं की तोंड फिरवायची. मी फोन काढून दाखवला, आई, बघ, तीन आहे फक्त, तू उगीच घाबरतेस, सावकाश घे. आईने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा चमचा उचलला. पुन्हा सांडलं.

हिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. इतक्या वर्षांत इतक्या हळू आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. "डोळ्यांना दिसतंय ते खरं की त्या डबीत दिसतंय ते?" मी म्हटलं, डोळ्यांना भास होतो, घड्याळाला होत नाही. म्हणाली, मग घड्याळालाच भरवा.

शेवटी आईला मीच भरवलं. माझ्या हातून तिने चार घास घेतले आणि पुरे म्हणाली.

४ एप्रिल, शुक्रवार

आई पडली.

दुपारी चारच्या सुमाराला पलंगावरून एकटीच उठली. पाय उचललेच नाहीत म्हणते, जमिनीला खिळल्यासारखे झाले, आणि ती पुढे कोसळली. उजवा हात अंगाखाली. मनगटाची दोन हाडं मोडली. मी दुकानात होतो. चार वाजता मी फोन बघितला होता, आकडा दोन होता, आणि मी फोन खिशात ठेवून चहा मागवला होता.

प्लास्टर घालण्याआधी नर्सने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. काचेला ओरखडासुद्धा नाही.

६ एप्रिल, रविवार

मेव्हणा आला. त्याने खरे आकडे, शून्य वजा करण्याआधीचे, सगळे जपून ठेवले होते. मला काही न सांगता. मी म्हटलं, पडायच्या आधी काय झालं ते बघायचंय, तुझ्या पद्धतीने शून्य घे. घड्याळ टेबलावर ठेवलं, दहा मिनिटं आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलो. मग मी ते हिच्या हाताला बांधलं. दोन. मेव्हण्याच्या हाताला तीन. माझ्या हाताला सतरा.

मी काढलं, पुसलं, पुन्हा बांधलं. सतरा. डाव्या हाताला पाच. पुन्हा उजव्या हाताला, सतरा. आईचा पहिल्या दिवशीचा, गोळीआधीचा आकडा मी चौदा लिहिला होता, तो खरा एकतीस होता. गोळी कमी केल्यापासून तो दिवसभरात कधी अठराच्या खाली आलाच नव्हता. त्यातले सतरा मी खाल्ले.

मेव्हण्याला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाला, शून्य घेतलं तेव्हाच. "पण तुमच्या हातावर बोट कसं ठेवायचं, भावोजी? आणि ताई म्हणाली होती, त्यांचं त्यांना कळू दे." इतका फरक पडेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. तो रडायला लागला. मला रडू येईना. मी नुसता हाताकडे बघत होतो. मांडीवर ठेवलेला अंगठा बोटावर घासत होता, काहीतरी मोजत असल्यासारखा. मी त्याला थांब म्हटलं. थांबला नाही.

७ एप्रिल, सोमवार

डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि सांगितलं, घड्याळ बिघडलं होतं. त्या म्हणाल्या, लगेच गोळ्या पूर्वीसारख्या करा, आणि थोडं चिडून म्हणाल्या, असल्या खेळण्यांवर विसंबू नका. मी बरं म्हटलं. फोन ठेवला तेव्हा ही दारात उभी होती.  चौतीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही की दोष घड्याळाचा आहे, जेव्हा तो माझा होता. आज सांगितलं, आणि तेही त्या बिचाऱ्या चार स्क्रूंच्या घड्याळाबद्दल. त्याने तर टेबलावर पडून मला सरळ सांगितलं होतं, उणे सतरा. मीच त्याचं तोंड बंद करायला लावलं.

दुकान उघडलं नाही. नवा आणलेला चिमटा जुन्या चिमट्याशेजारी ठेवून बघितला. जुन्याची टोकं चोख जुळतात.

१२ एप्रिल, शनिवार

गोळ्या पूर्ववत झाल्या तसा आईचा डावा हात जरा हलका झालाय. डाव्या हाताने चमचा धरायचा प्रयत्न करते, जमत नाही. प्लास्टर सहा आठवडे. अस्थितज्ज्ञ म्हणाले, या वयात आणि या आजारात उजव्या हाताची पकड कितपत परत येईल, सांगता येत नाही. आईने ऐकलं. तिची एकच अट होती, ती मला पहिल्या पानावर लिहिलेली दिसते.

१५ एप्रिल, मंगळवार

ही मला घेऊन गेली. वाटेत म्हणाली, आज फाइल मी धरते. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. शून्य कुणाच्या हाताचं होतं तेही. त्यांनी फाइलमधून जुना आलेख काढून बघितला. मग म्हणाल्या, त्या दिवशी तुमची आई बोट दाखवत होती आणि मी कागद बघत होते.

घड्याळ लागलंच नाही. अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटायला लावलं, बाहेर व्हरांड्यात चालायला लावलं, एक ओळ लिहायला लावली. वास येतो का विचारलं, या आजारात तो आधी जातो म्हणे. ही म्हणाली, दूध करपलं तरी नाही. दहा मिनिटांत झालं. मलाही आईचीच गोळी सुरू केली आहे, अगदी लहान. बारीक कामाचं काय, असं मी विचारलं. म्हणाल्या, काही वर्षं ठीक जातील, पण बारीक काम आता नको. स्प्रिंगा नको, एवढंच मला ऐकू आलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज आईला सांगितलं. हिने सांगू नका म्हटलं होतं. पण तिच्या हाताचं काय झालं आणि कुणामुळे झालं, हे तिला कळायला हवं होतं. गोळी कशामुळे कमी झाली, शून्य कसं घेतलं, सगळं सांगितलं. ती खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघत ऐकत होती. वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे तो भास नव्हता," आई म्हणाली.

मी म्हटलं, नव्हता.

मग म्हणाली, तू भरवायचास तेव्हा चमचा माझ्या दातांवर वाजायचा. मला वाटायचं, माझंच डोकं हलतंय. चहा आणायचास तर कप हलताना दिसायचा, तेव्हा मी डोळे मिटून घ्यायची, मुलाबद्दल असलं दिसू नये म्हणून. "डॉक्टरणीला सांगितलं ते कळवळून सांगितलं, हे एवढं दिसणं बंद करा म्हणून." तिने डावा हात पुढे केला आणि माझा उजवा हात तिच्या मांडीवर ओढून घेतला. दोन्ही हात हलत होते. कुणाचा किती, ते बघायला घड्याळ नव्हतं.

बऱ्याच वेळाने म्हणाली, भूक लागलीय. मी भाताची वाटी आणली. वाटी तिने डाव्या हाताने छातीशी धरली, मी चमचा धरला. चमचा दातांवर वाजला. अर्धा भात वाटीत परत पडला, अर्धा पोटात गेला. पुढचा घास तिने तोंड पुढे आणून मध्येच पकडला. अर्ध्या तासात वाटी संपली.

ही वही आता संपत आली आहे. नवी आणली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा गृहपाठ दिलाय, दर तासाची नोंद, घड्याळाशिवाय, बघून आणि खरी. डाव्या पानावर "आईचा हात" लिहिलं आणि त्याखाली "माझा उजवा हात" लिहिलं. ही शेजारी बसली होती, म्हणाली, मोठं लिहा, मला वाचता आलं पाहिजे. मोठं लिहायला घेतलं होतं, ओळ संपेपर्यंत बारीक झालं.

सकाळी आठ : थरथर आहे. थोडी नाही.